बाग दत्तक देताना



नगरपंचायतीच्या गावात बाग उभारायला निधी मिळतो, ती जगवायला सहसा मिळत नाही. घसरगुंडी, कारंजे, पेव्हर ब्लॉक एकदाच होतात. वडूजसारख्या दुष्काळी खटाव तालुक्यातल्या गावात बागेची कसोटी लागते ती एप्रिल-मेमध्ये. येरळा आटलेली, बोअर गुळण्या टाकतोय, आणि जुलैत लावलेल्या कडुलिंबाच्या आळ्यात दोन दिवसांआड घागरभर पाणी पडायलाच हवे. ते पाणी आणि ते घालणारा माळी, हा खर्च दरसालचा. म्हणूनच बाग एखाद्या संस्थेला किंवा कंपनीला दत्तक देण्याचा विचार पुढे येतो.

विचार जुनाच आहे. मुंबईची राणीची बाग 1862 मध्ये खुली केली ती अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने. 1873 मध्ये ती नगरपालिकेकडे गेली. पुण्याचे एम्प्रेस गार्डन मात्र अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी याच नावाची संस्था आजही सांभाळते. तिथे तिकीट आहे, तरी जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला पुणेकर लोटतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठीही 1980 मध्ये नागरिकांनी संस्था काढली. आज देखभालीचा मोठा भार तीच वाहते.

मुंबईच्या ओव्हल मैदानाची कथा आपल्याला जवळची वाटावी. मैदानाची रया गेली तेव्हा आसपासचे रहिवासी न्यायालयात गेले, आणि पुढे त्यांच्याच ट्रस्टने देखभाल अंगावर घेतली. कुंपण आले, पण मैदानामधून चर्चगेटकडे जाणारी पायवाट राहिली. तिच्या दोन्ही अंगांना आजही एकमेकांना खेटून क्रिकेटचे डाव रंगतात.

त्याच मुंबईत काही दत्तक भूखंडांवर क्लब उभे राहिले. सामान्य माणूस फाटकाबाहेर. त्यामुळेच 2016 मध्ये महापालिकेने नवे दत्तक धोरण मंजूर करताच नागरिक खवळले, आणि मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. तो राग रास्त होता.

आपल्या भागात राबणारे हात कमी नाहीत. शेजारच्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीने जलसंधारणाच्या स्पर्धेतला 2018 चा वॉटर कप श्रमदानाच्या बळावर जिंकला. वडूजमध्ये एखादे मंडळ, पतसंस्था पुढे आली तर नगरपंचायतीने जरूर हो म्हणावे. मात्र ठराव उघड सभेत व्हावा, मुदत तीन वर्षांची असावी, पक्क्या बांधकामाला मनाई असावी, किल्ली नगरपंचायतीकडेच राहावी. आणि माळ्याचा पगार, टँकरची बिले धरून वर्षाचा जमाखर्च फाटकावरच्या फलकावर लिहिला जावा.