पोलीस आणि वस्ती
(बाळकुम येथे केलेले भाषण)



वस्तीत पोलीस शिरला की दारे मिटतात. तो बहुधा धरपकडीलाच येतो. ओळख नसेल तेथे भय राहणारच.

बाळकुमहून कशेळीचा पूल ओलांडला की पुढे भिवंडी लागते. १९७० आणि १९८४ साली तेथे भीषण दंगली झाल्या. १९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. हिंदू, मुसलमान व पोलीस शांततेच्या दिवसांतच एकत्र बसू लागले. १९९२-९३ साली मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली.

परंतु हक्क न जाणता बैठकीस बसलो, तर तो विश्वास एकतर्फी ठरतो. बौद्ध झाल्याने अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण जाते, हा समज खोटा आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा मान्य झालेला आहे. फिर्याद नोंदली की तिची प्रत विनामूल्य मागा. ठाण्याने नोंदण्यास नकार दिला, तर ती वरिष्ठांकडे लेखी पाठवा.

तेव्हा पोलिसांनी बोलाविले, तर बैठकीस अवश्य जा. आपल्या भगिनींनाही बरोबर न्या. मात्र हात जोडून नव्हे, कायदा जाणून बसा.