वेढ्यातल्या लेकीला गावाकडून काय देता येतं?

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण)

 

आज मी युद्धाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, कुठलं युद्ध आणि कुठं आपण. पण आता आपल्या गावांतून कुणाचा मुलगा आखातात कामाला आहे, कुणाची लेक परदेशात शिकायला आहे. लढाई काही आपल्याला विचारून सुरू होत नाही. २०२२ साली माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी युक्रेनमध्ये, सुमी नावाच्या शहरात डॉक्टरकी शिकत होती. त्या दोन आठवड्यांत आम्ही घरच्या बायकांनी काय केलं आणि त्यातलं काय उपयोगी पडलं, ते सांगते.

२४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. त्याच दिवशी तिथली विमानं बंद झाली. सुमी हे शहर रशियाच्या सीमेपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे. त्यामुळे तिथं सैन्य पहिल्याच दिवशी पोहोचलं. बाहेर जाणारे रस्ते धोक्याचे झाले, रेल्वे बंद पडली. वेढा म्हणतात तो हाच. आत अडकलेल्यांना बाहेर पडता येत नाही आणि बाहेरून धान्य, औषध आत जात नाही. भारताचे सुमारे सातशे विद्यार्थी तिथं अडकले होते. भोंगा वाजला की सगळ्यांनी वसतिगृहाच्या तळघरात जायचं. ३ मार्चच्या हल्ल्यानंतर वीज गेली, नळाचं पाणी गेलं. मग या मुलांनी बादल्यांत बर्फ भरून आणला आणि वितळवून ते पाणी वापरलं. पाण्यासाठी पायपीट आपल्याला नवी नाही, पण डोक्यावर बॉम्ब असताना बादली घेऊन बाहेर जायचं म्हणजे काय, ते तुम्हीच ओळखा.

आता घरची गोष्ट. पहिल्या दिवशी सगळ्या पाहुण्यांनी तिला फोन लावले. आत्या, मामा, चुलते, शेजारी. प्रत्येकाला तिचा आवाज ऐकायचा होता. माया खरी, पण प्रत्येक फोनने तिच्या मोबाईलची बॅटरी संपत होती. वीज नसलेल्या शहरात बॅटरी म्हणजे जीव. म्हणून आम्ही ठरवलं, घरातून एकाच माणसाने बोलायचं. ते काम माझ्याकडे आलं, कारण बहीण फोनवर रडायची आणि दाजींना शब्द फुटायचा नाही. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असे दोनच निरोप, तेही लिहून. नेटवर्क कमी असलं तरी साधा मेसेज जातो, बोलणं तुटतं. बाकीच्यांनी काय ते मला विचारायचं. युक्रेनचं घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे होतं. तिथं सकाळचे नऊ म्हणजे इथं दुपारचे साडेबारा. तेवढं जरी ध्यानात ठेवलं तरी पोरीची झोप मोडत नाही.

दुसरं, एक वही केली. आपल्या गटाची असते तशीच. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणी काय सांगितलं आणि ते खरं निघालं का, असे रकाने. त्या दिवसांत मोबाईलवर अफवांचा पूर आला होता. 'उद्या पहाटे गाड्या सुटणार', 'अमुक पूल उडाला', काहीही. भारतीय दूतावासाकडून, म्हणजे तिथल्या आपल्या सरकारच्या कार्यालयाकडून आलेला निरोप असेल तरच तो मी तिला पाठवायचे. जिल्हाधिकारी कार्यालयात अडकलेल्या मुलांची यादी घेत होते, तिथं तिचं नाव, पासपोर्ट नंबर आणि वसतिगृहाचा पत्ता दिला. एका अनोळखी नंबरवरून फोन आला, की विमानात जागा ठेवतो, तिकिटाचे पैसे पाठवा. दाजी पाठवायला निघालेच होते. आम्ही आधी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात विचारलं. सरकारने 'ऑपरेशन गंगा' नावाने विमानं सोडली होती आणि त्यात विद्यार्थ्यांकडून पैसे घेत नव्हते. घाबरलेल्या आईबापांना लुबाडणारे सगळीकडे असतात, हे लक्षात ठेवा.

तिसरं, पिशवी. हातात धरून पाच-सात तास चालता येईल एवढीच पिशवी भरायला सांगितली. पासपोर्ट आणि तिथलं ओळखपत्र पिशवीत नाही, अंगावर, कपड्याच्या आत. त्यांचे फोटो माझ्या मोबाईलवर. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहिलेले, कारण मोबाईल बंद पडला की पाठ नसलेला नंबर गेला. थोडी रोख रक्कम, पाणी, सुकं खाणं, गरम मोजे, रोजची औषधं आणि पाळीसाठी पॅड. शेवटचं मुद्दाम सांगते, कारण ते कुठल्याच यादीत कुणी लिहीत नाही. आणि पायात चालायचे बूट. खारकीव्ह या दुसऱ्या शहरात २ मार्चला दूतावासाने सांगितलं होतं, की संध्याकाळी सहाच्या आत शहराबाहेरच्या तीन गावांपैकी एक गाठा, वाहन नसेल तर चालत जा. जवळचं गाव ११ किलोमीटर, लांबचं १६. त्याच्या आदल्याच दिवशी तिथं कर्नाटकातला एक विद्यार्थी खायचं सामान आणायला रांगेत उभा असताना तोफेच्या माऱ्यात गेला.

सगळ्यात अवघड दिवस होता ५ मार्चचा. सुमीतली मुलं थकली होती. आम्ही चालत रशियाच्या सीमेकडे निघतो, असं त्यांनी व्हिडिओ काढून सांगितलं. भाचीचा मेसेज आला, "मावशी, आम्ही निघू का?" बहीण म्हणाली, "निघ म्हणावं, इथं बसून मरण्यापेक्षा बरं." दाजी म्हणाले, "अजिबात नको." मैत्रिणींनो, हजारो कोस लांब बसून 'जा' म्हणणं सोपं आहे आणि 'नको' म्हणणंही सोपं. पाय तिचे जाणार आहेत. मी तिला हुकूम केला नाही. दूतावासाने थांबायला सांगितलंय, रस्त्यावर मारा चालू आहे, एवढी खरी माहिती लिहिली आणि तीन प्रश्न विचारले. तुमच्यातल्या आजारी मुलींना कोण धरणार? पन्नास किलोमीटरच्या वाटेवर रात्र झाली तर बर्फात कुठं थांबणार? पुढं तुम्हाला कोण घेणार आहे? त्यांनी आपसांत विचार केला आणि त्या थांबल्या. "आम्ही थांबतोय," एवढा एकच मेसेज आला. निर्णय त्यांचा होता, म्हणूनच पुढचे तीन दिवस त्या एकमेकींना धरून राहिल्या.

७ मार्चला बस आल्या. मुलं बसलीही. पण गोळीबार थांबेल याची खात्री नव्हती, म्हणून सगळ्यांना खाली उतरवलं. त्याच रात्री शहरावर बॉम्ब पडले आणि वीसहून जास्त माणसं मेली, त्यात लेकरंही होती. ८ मार्चला, महिला दिनाच्या दिवशी, दोन्ही बाजूंनी काही तास मारा थांबवायचं कबूल केलं आणि वेढ्यातून बाहेर पडायला एक वाट ठरली. रेडक्रॉस आणि दूतावासाचे लोक सोबत होते. बसने पोल्टावा हे शहर, तिथून रेल्वेने देशाच्या पश्चिम टोकाला ल्विव्ह, मग सीमा ओलांडून पोलंड. ११ मार्चला ही मुलं विमानाने दिल्लीत उतरली.

भाची एक गोष्ट सांगते. स्टेशनांवर, गाड्यांत जिकडं पाहावं तिकडं बायका आणि लेकरंच होती. १८ ते ६० वर्षांच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. एका हातात मूल, दुसऱ्या हातात पिशवी, आणि नवरा फलाटावर. आमची पोरगी घरी आली. त्या बायकांचं घरच मागं राहिलं होतं.

आल्यावर आम्ही तिला खोदून विचारलं नाही. लग्नाच्या वरातीत फटाके वाजले की ती आतल्या खोलीत जायची, आम्ही जाऊ द्यायचो. ज्याला वेढ्यातून आणलं, त्याला बोलायची घाई करू नये. तो आपणहून बोलतो.

आता तुमच्यासाठी एक काम. पुढच्या मासिक बैठकीत, ज्यांचं माणूस परदेशी आहे, त्या प्रत्येकीने एक पान लिहायचं. त्याचं पूर्ण नाव, पासपोर्टची झेरॉक्स, राहायचा पत्ता, मालकाचा किंवा कॉलेजचा फोन, तिथल्या एका मित्राचा फोन आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन. दूतावासात नाव नोंदवलंय का, ते त्याला विचारा. परदेशी शिकणाऱ्या मुलांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदत' या पोर्टलवरही नोंद करता येते. आणि अडचण आली तर घरातून कोण बोलणार, ते एक नाव आजच ठरवा. त्या पानाची एक प्रत घरी, एक गटाच्या फाईलमध्ये. लिहिता येत नसेल तिला शेजारणीने लिहून द्यायचं.

बॉम्ब आपण थांबवू शकत नाही. पण आपल्या माणसाची बॅटरी वाचवणं, त्याला खरी तीच बातमी देणं आणि त्याच्या डोक्यावर आपल्या भीतीचं ओझं न टाकणं, हे चुलीपाशी बसूनही जमतं.