सही बाईची, पैसा कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या कायदा-शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

'मनी लाँडरिंग' हा विषय बायकांच्या शिबिरात कशाला, असं तुमच्यापैकी काही जणींनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं. हे सगळं बिल्डरांचं आणि पुढाऱ्यांचं प्रकरण. आपल्याकडे येणाऱ्या बाईला दरमहा पोटगी मिळायची मारामार, तिचा याच्याशी काय संबंध? मी घर-जमिनीच्या दस्तऐवजांचं काम करणारी वकील आहे, म्हणून सांगते, संबंध आहे. असला पैसा ज्याचा असतो त्याचं नाव कागदावर सहसा नसतं. मग कुणाचं असतं? बायकोचं, आईचं, विधवा बहिणीचं, कधी तर घरी कामाला येणाऱ्या बाईचं.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. लाचखोरी, फसवणूक, खंडणी, अमली पदार्थ, माणसांची विक्री अशा गुन्ह्यांतून आलेला पैसा उघडपणे वापरता येत नाही. तो आधी दोनचार खात्यांतून, नातेवाइकांच्या हातांतून फिरवतात आणि मग त्यातून एखादा फ्लॅट किंवा जमीन घेतात. खरेदीखत नोंदलं, मुद्रांक शुल्क भरलं, की तोच पैसा इभ्रतदार होतो. या शेवटच्या पायरीवर दोन माणसं हमखास लागतात: कागद करणारा वकील आणि कागदावर सही करणारी 'मालकीण'.

कायदा काय म्हणतो? मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा 2002 सालचा. तो 1 जुलै 2005 पासून लागू झाला. गुन्ह्यातला पैसा लपवणं, जवळ बाळगणं, वापरणं, तो स्वच्छ आहे असं भासवणं, आणि या सगळ्यात जाणूनबुजून मदत करणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं सक्तमजुरी, अमली पदार्थांच्या प्रकरणात दहापर्यंत. मालमत्तेवर 180 दिवसांपर्यंत तात्पुरती टाच येऊ शकते, आणि पुढे ती कायमची सरकारजमाही होऊ शकते. शिवाय आरोप ठेवला गेला की पैसा गुन्ह्यातला नाही हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. जामिनाच्या कडक अटींमधून स्त्रियांना सूट देण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण तो कोर्टाचा अधिकार आहे, बाईचा हक्क नव्हे.

दुसरा कायदा बेनामी व्यवहारांचा. तो 1988 चा, आणि 1 नोव्हेंबर 2016 पासून तो फार कडक झाला. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं, आणि फायदा पैसेवाल्याचा, असा व्यवहार बेनामी ठरला तर मालमत्ता जप्त होते. एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या पाव हिश्श्यापर्यंत दंड होऊ शकतो. नवऱ्याने आपल्या ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या नावाने घर घेतलं तर ते बेनामी नाही. पण 'ज्ञात उत्पन्न' हे शब्द लक्षात ठेवा. उत्पन्न सांगता येण्याजोगं नसेल तर ही सूट मिळत नाही.

यात आणखी एक गोम आहे. 1988 च्या कायद्यात असं गृहीत धरलं होतं की बायकोच्या किंवा अविवाहित मुलीच्या नावाने घेतलेली मालमत्ता, उलट सिद्ध होईपर्यंत, तिच्याच भल्यासाठी घेतली आहे. 2016 च्या दुरुस्तीत हे गृहीतक गेलं. म्हणजे बाई दोन्हीकडून अडचणीत. संसार मोडला की नवरा म्हणणार, पैसा माझा होता, घर माझं. तपास आला की तोच म्हणणार, कागदावर हिचं नाव आहे, हिला विचारा. हक्काच्या वेळी ती मालकीण नसते, नोटीस येते तेव्हा मात्र असते.

2021 पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. निर्णय चांगला आहे. घरावर बाईचं नाव लागावं ही आपली जुनीच मागणी. पण नाव लागणं म्हणजे मालकी मिळणं नव्हे. किंमत काय, पैसा कुठून आला, हे ठाऊक नसताना तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन अंगठा आणि फोटो घेतला जात असेल, तर ते नाव तिच्यासाठी जोखीम ठरू शकतं.

आता माझ्या व्यवसायाकडे येते. इंग्लंडमध्ये घर-खरेदीचं काम करणाऱ्या वकिलांना आणि कन्व्हेयन्सरांना 2017 च्या नियमांनुसार अशिलाची ओळख पटवावी लागते, खरा लाभधारक कोण ते शोधावं लागतं आणि जोखीम असेल तिथे पैशाचा उगम तपासावा लागतो. व्यवसायाच्या ओघात संशय आला आणि कळवलं नाही, तर तो, कायद्याने दिलेले अपवाद सोडले तर, वकिलाचाच गुन्हा ठरतो. आपल्याकडे डिसेंबर 2020 मध्ये वर्षाला वीस लाख किंवा जास्त उलाढाल असलेले मालमत्तेचे दलाल या कायद्याखाली आले. मे 2023 मध्ये अशिलाच्या वतीने मालमत्तेची खरेदी-विक्री करणारे चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट आले. त्या यादीत वकील नाहीत.

वकिलांना बाहेर ठेवण्यामागचं कारण फेटाळण्यासारखं नाही. अशील आपल्या वकिलाला जे सांगते ते गुप्त राहिलं पाहिजे. मार खाऊन आलेल्या बाईने तोंड उघडावं म्हणून आपल्यालाही ही गोपनीयता प्राणपणाने हवी आहे. पण साक्षीच्या कायद्यातसुद्धा बेकायदा हेतू साधण्यासाठी वकिलाशी केलेल्या बोलण्याला हे संरक्षण नाही. आणि माझा मुद्दा त्याहून साधा आहे. सरकारला कळवणं ही एक गोष्ट, आणि समोरच्या बाईला प्रश्न विचारणं ही दुसरी. दुसरीसाठी कोणत्याही अधिसूचनेची वाट पाहायची गरज नाही.

म्हणून मी दस्त करण्याआधी बाईशी एकटीशी बोलते. नवरा, दीर, दलाल बाहेर बसतात. कधी त्यांना राग येतो, कधी काम दुसऱ्या वकिलाकडे जातं. पण मी विचारते: हे घर कितीला घेताय? पैसे कुणाच्या खात्यातून जाणार? कर्ज असेल तर हप्ते कोण भरणार? रोख काही देताय का? मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला 2015 पासून बंदी आहे. आणि शेवटी, कुलमुखत्यारपत्रावर सही मागितली आहे का? घर बाईच्या नावावर आणि त्याच दिवशी विक्रीचे सगळे अधिकार दुसऱ्याच्या हातात, असं दिसलं की समजावं, ही नावापुरतीच मालकीण आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'पैसा कुठून आणला' हा प्रश्न गरीब बाईला अपमानाचा वाटतो. भाजी विकून, भिशी लावून, पाटल्या मोडून तिने पैसे जमवलेले असतात आणि तिच्याकडे पगाराची चिठ्ठी नसते. तिला चोर समजून प्रश्न विचारू नयेत. तिच्या पैशाचे पुरावे उभे करायला मदत करावी. बचत गटाचं पासबुक, गटाच्या सभेच्या नोंदी, सोनाराची पावती, भिशीची वही, माहेरच्यांनी दिलेल्या रकमेचं बक्षीसपत्र हे सगळे कागदच आहेत. पैसे आधी तिच्या स्वतःच्या खात्यात भरावेत आणि तिथूनच विकणाऱ्याला द्यावेत. उद्या नवऱ्याशी वाद झाला तरी हेच कागद तिच्या बाजूने बोलतील.

संघटनेच्या केंद्रावर बाई आली तर तुम्ही काय करायचं? तिच्या नावावर काही आहे का, हे आवर्जून विचारा. 'मला काही ठाऊक नाही, ह्यांनी सह्या घेतल्या' असं ती म्हणाली तर इंडेक्स दोन, सातबारा आणि बँकेचा उतारा काढून घ्या. ती कुठल्या कंपनीत संचालक आहे का, तेही बघा. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही नाही, हे तिच्या मनावर ठसवा. टाच आल्याची नोटीस आली तर ती कपाटात ठेवून देऊ नका. उत्तरासाठी किमान 30 दिवस मिळतात. या मालमत्तेसाठी आपण स्वतः किती पैसे कुठून घातले, हे त्या मुदतीत कागदानिशी मांडता येतं. निकाल विरुद्ध गेला तर 45 दिवसांत अपील करता येतं. त्या वेळी तिला नवऱ्याचा वकील नव्हे, तिचा स्वतःचा वकील हवा, कारण तिथे दोघांचं हित एकच असेल असं नाही.

वकील मैत्रिणींना आणि मित्रांना माझी विनंती आहे. दस्त तयार करणं म्हणजे नुसती टायपिंगची मजुरी नव्हे. सही करणारीला त्या सहीचा अर्थ तिच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय दस्त नोंदणीला पाठवू नका. आणि कार्यकर्त्या मैत्रिणींनो, घरावर बाईचं नाव लावा ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. तिला आता एक जोड देऊ या: त्या घराचे पैसे कुठून आले हे तिला माहीत हवं, आणि कागदांची एक प्रत तिच्या स्वतःच्या ताब्यात हवी.