शहराची हवा आणि घरातली चिडचीड

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मुलीकडून वाचवून घेतलेले आणि स्वतः पाहिलेले तेवढे सांगते.

धुराने खोकला होतो हे मुंबईकराला सांगायला नको. थंडीत वारा मंदावला की धूर वस्तीवरच बसून राहतो. पण त्याने मनही बिघडते, हे आपण धरीत नाही. बाई चिडली की 'स्वभावच तसा', आणि पुरुष चिडला की 'कामाचा ताण'!

धुरातले बारीक कण आपल्या केसाच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही लहान असतात. त्यांतले अगदी सूक्ष्म कण फुप्फुसातून रक्तात उतरतात. २०१६ साली मेक्सिको शहर व मँचेस्टर येथील मृतांच्या मेंदूंत शास्त्रज्ञांना लोहाचे असे सूक्ष्म कण सापडले. ते धुरातूनच, नाकावाटे गेले असावेत असे त्यांचे म्हणणे. दूषित हवेत राहणाऱ्यांत उदासीनता अधिक दिसते, असे बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत आढळले आहे. अर्थात सगळे दुःख धुराचे नव्हे. कर्ज आणि नवऱ्याचे पिणे यांना कुणी धुराआड लपवू नये.

आमच्या शेजारच्या एका सुनेचे सांगते. लागूनच इमारतीचे काम. दोन वर्षे खिडक्या बंद, झोप नाही, अन्नावर वासना नाही. सासूबाई तिला देवऋष्याकडे घेऊन गेल्या. त्या वाईट नाहीत हो, त्यांना दुसरे कुणी काही सांगितलेच नव्हते. पुढे डॉक्टरांनी औषध दिले. महिनाभर माहेरी, कोकणात राहिली, तेव्हा पोर हसू लागली. औषधाने की हवेने, कोण सांगणार? पण देवऋष्याने खास नव्हे.

असे कुणाच्या घरी असेल तर लपवू नका. १४४१६ हा सरकारी दूरध्वनी आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

घरात डासांची अगरबत्ती जाळू नका. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असे मोजलेले आहे. मच्छरदाणी बरी. केर काढण्याआधी पाणी शिंपडा.

बाहेरच्या धुळीचे मात्र एकटीने होणार नाही. बांधकामाभोवती उंच पत्रे लावावेत, पाणी मारावे, असे महापालिकेने २०२३ च्या ऑक्टोबरात ठरवून दिले आहे. आमच्या शेजारी पत्रे आहेत, पाणी नाही. अर्ज लिहून तयार आहे, दाराशी टेबलावर ठेवला आहे. चहाला जाण्यापूर्वी सह्या कराव्यात. बुधवारी अकरा वाजता वॉर्ड कचेरीत जायचे आहे, निदान दहाजणी तरी हव्यात.