किमान भारही लिहा



शॉप फ्लोअरवर घडलेल्या माणसाला या परिषदेचे अध्यक्षपद दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वेळ थोडा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आपल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये एक समजूत पक्की बसली आहे : उचल-साधन जितके मोठे, तितके काम निर्धोक. साखळी किंवा स्लिंगपुरते हे चालून जाते. प्लेट उभी उचलणाऱ्या क्लॅम्पच्या बाबतीत मात्र हीच समजूत जिवावर बेतते.

त्याची रचनाच तशी आहे. हुकाने कडी वर ओढली की आतला दातेरी कॅम फिरतो आणि प्लेट समोरच्या जबड्यावर दाबून धरतो. ओढ जेवढी, दाब तेवढा. वजनच नसेल तर दाते रुतणार कसे? म्हणूनच बरेच उत्पादक बजावतात, की क्षमतेच्या 20 टक्क्यांहून हलकी प्लेट उचलू नका. काही जण ही मर्यादा 10 टक्के देतात.

हिशेब मांडू. पोलादी प्लेट दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे 7.85 किलो भरते. 2500 बाय 1250 ची, 6 मिलिमीटर जाडीची प्लेट झाली साधारण 147 किलोची. तिला 3 टनी क्लॅम्प लावला. जाडी तोंडात बसते, लॉक खटकन लागतो, सगळे ठीक दिसते. पण 10 टक्क्यांची सवलत धरली तरी त्या क्लॅम्पला निदान 300 किलो हवेत. त्यात प्लेट जाता जाता कशाला टेकली, तर आहे ती ओढही सैल पडते. स्प्रिंगचा लॉक कॅमला आधार देतो खरा. वजनाचे काम तो करू शकत नाही.

प्लेट निसटली की चौकशीत पहिले बोट खलाशाकडे जाते. माझा प्रश्न वेगळा आहे : त्या दिवशी स्टोअरमध्ये अर्ध्या टनाचा क्लॅम्प होता का? नसेल, तर खलाशाने मिळाला तोच लावला.

उचल-साहित्यावर सुरक्षित भार ठळक लिहावा आणि बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून त्याची कसून तपासणी व्हावी, हा दंडक 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 29 मध्ये घालून दिला. पण प्रमाणपत्र फाइलमध्ये असते आणि दाते रोज झिजतात. टोके चपटी झालेली, खाचांत रंग आणि मिल स्केल ठासून भरलेली, असा कॅम हाताला लागला तर काय कराल? घाण वायर ब्रशने काढा. झीज असेल तर क्लॅम्प बाजूला ठेवा, उत्पादकाचाच कॅम बसवून घ्या. दात्यांवर वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग कोणी करू नये. त्या उष्णतेने कठीणपणा जातो.

या परिषदेने तीन गोष्टी ठरवाव्यात. प्रत्येक बेमध्ये लहान-मोठे क्लॅम्प हाताशी असावेत. उचलण्याआधी प्लेटचे वजन खडूने तिच्यावर लिहावे. आणि कायद्याने मागितलेल्या कमाल भाराशेजारी क्लॅम्पवर किमान भारही रंगवावा. पहिल्या गोष्टीला खरेदीची सही लागेल. उरलेल्या दोन आपण उद्याच्या पाळीपासून सुरू करू शकतो. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहू नका.