घरातील अग्निशामक : कधी चालवावा, कधी टाकून पळावे

(संस्थेच्या पालक मेळाव्यात मंद्रूप येथे केलेले भाषण)



शिक्षणावर बोलणारी जाणकार मंडळी आज पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला आला आहे तो भिंतीवरचा अग्निशामक. शाळेत, बँकेत, पेट्रोल पंपावर आपण तो नेहमी पाहतो. अलीकडे काही घरांतही आला आहे. पण तो हातात घेऊन एकदा तरी चालवून पाहिलेला माणूस दहांत एक सापडेल की नाही, याची मला शंका आहे. (मी त्याला ‘लाल सिलिंडर’ म्हणत नाही, कारण आपल्या घरात लाल सिलिंडर म्हणजे गॅसचा. गडबडीत असा घोटाळा परवडत नाही.)

१८ मे २०२५ची पहाट आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जणांचा जीव गेला. त्यांत लहान मूलही होते. मालकाचे कुटुंब कारखान्याच्याच इमारतीत राहत होते. सूत आणि कापड एकदा भडकल्यावर तिथे हातातल्या अग्निशामकाचे काही चालत नाही. हे मी मुद्दाम आधी सांगतो. अग्निशामक आहे म्हणून माणसे आगीसमोर नको तितका वेळ उभी राहतात, आणि मला भीती वाटते ती याचीच.

घरात ठेवायचा दोन किलोचा पावडरचा अग्निशामक साधारण ८ ते १० सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात आग विझली तर विझली. म्हणून तो टोपलीएवढ्या, नुकत्या लागलेल्या आगीसाठी आहे. आग छताला पोहोचली किंवा खोलीत धूर कोंडला, की तो तिथेच टाकावा, माणसे बाहेर काढावीत, जाताना दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ फिरवावा. धुराने माणूस आगीच्या आधी जातो. मंद्रूप सोलापूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. तिथला बंब लगेच निघाला तरी विजापूर रस्त्याने येईपर्यंतचा वेळ आपला आपल्यालाच काढायचा असतो.

आता चालवायचे कसे? आधी घरातल्यांना बाहेर पाठवा. मग दाराकडे पाठ करून उभे राहा. आग आणि दार यांच्या मधे तुम्ही, दार आणि तुम्ही यांच्या मधे आग कधीही नाही. सहा-आठ फुटांवरून खिट्टी ओढा, नळीचे तोंड आगीच्या बुडाशी धरा, मूठ दाबा आणि झाडू मारल्यासारखे डावी-उजवीकडे फिरवा. नवखा माणूस हटकून ज्वाळेवर मारतो, पावडर हवेत उडून जाते आणि खाली जळणारे जळतच राहते. विझल्यावर पाठ फिरवू नका, मागे-मागे सरा. पुन्हा पेट घेण्याची आगीला खोड असते.

घेताना आयएसआय खूण आणि अंगावरची ए, बी, सी ही अक्षरे पाहावीत. ए म्हणजे लाकूड, कापड, कागद. बी म्हणजे पेट्रोल-रॉकेलसारखे द्रव. सी म्हणजे गॅस. तिन्ही अक्षरांची पावडर विजेच्या आगीवरही चालते, मात्र जमल्यास आधी मेन स्विच बंद करावा. विजेवर पाणी कधीही नाही.

भगिनींनो, तुमच्या कढईविषयी जरा सविस्तर सांगतो. रमजानमध्ये इफ्तारीची भजी असोत की दिवाळीच्या चकल्या, कढईतले तेल पेटले तर अग्निशामकाकडे धावू नका. जवळून जोरात मारलेली पावडर पेटते तेल उडवू शकते, आणि पाणी टाकले तर भडकाच. हात पोहोचत असेल तर गॅस बंद करा, मोठे झाकण किंवा परात बाजूने सरकवून कढई झाका आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. पेटती कढई उचलून अंगणात नेण्याचे धाडस तर मुळीच नको.

गॅसच्या नळीने पेट घेतला तर पहिले काम रेग्युलेटर बंद करणे. तिथे हात जाईना तर बाहेर पडा. ज्वाळा विझवली पण गळती चालूच राहिली, तर न जळलेला गॅस खोलीत साठतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. नुसता वास आला तर दिव्याचे बटण लावू वा बंद करू नका. दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ला कळवा.

शेतकरी बंधू विचारतील, कडब्याच्या गंजीचे काय? तिथे पावडर वरवर बसते, आत धग राहते. पाणी, माती आणि शेजारची गंजी वेळेत दूर करणे, हेच खरे.

अग्निशामक टांगावा स्वयंपाकघराच्या दाराजवळ, शेगडीच्या वर नव्हे. कपाटामागे किंवा पोत्यांच्या आड तर नकोच. आईचा हात पोहोचावा, लहानग्यांचा पोहोचू नये. महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहावे. एक सेकंद जरी चालवला तरी तो पुन्हा भरून घ्यावा लागतो, कारण पावडर झडपेत अडकते आणि दाब हळूहळू उतरतो.

संस्थेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. शाळेतले अग्निशामक भरायला पाठवण्याची वेळ येते, तेव्हा ते तसेच पाठवू नयेत. जाणकार माणूस बोलवावा, आग न पेटवता मैदानात एक रिकामी बादली ठेवावी आणि तिच्यावर नेम धरून ते रिकामे करावेत. त्या दिवशी शिपाई आणि शिक्षकांबरोबर आयांनाही बोलवावे, आणि मूठ पहिल्यांदा त्यांच्या हातात द्यावी.