मानेला बसलेला हिसका : स्वरूप आणि उपचार





उभ्या मोटारीला मागून दुसरे वाहन धडकते. रक्त नाही, हाड मोडलेले नाही. म्हणून घरची मंडळी निश्चिंत होतात. दुसऱ्या दिवशी मात्र मान ताठरते, डोके ठणकू लागते. या दुखापतीस अमेरिकन अस्थिशल्यविशारद हॅरल्ड क्रो यांनी १९२८ साली ‘व्हिपलॅश’, म्हणजे चाबकाचा फटकारा, हे नाव दिले.

साडेचार-पाच किलो वजनाचे मस्तक मानेच्या सात मणक्यांवर तोललेले असते. धक्का बसताच आसन धडाला पुढे लोटते, मस्तक मात्र जडत्वामुळे क्षणभर जागीच राहते. मान आधी मागे, नंतर पुढे फेकली जाते आणि स्नायू, अस्थिबंध व लहान सांधे ताणले जातात. ही इजा क्ष-किरण चित्रात बहुधा उमटत नाही. म्हणून रुग्ण सोंग करतो असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होय.

पूर्वी अशा रुग्णाच्या मानेला कित्येक आठवडे पट्टा बांधून ठेवीत. १९९५ साली कॅनडातील क्वेबेकच्या तज्ज्ञमंडळाने या दुखापतीची प्रतवारी केली आणि दीर्घ विश्रांतीऐवजी लवकर हालचालीचा पुरस्कार केला. गंभीर इजा नाही अशी डॉक्टरांची खात्री झाल्यावर वेदनाशामक औषध घ्यावे, मान सोसेल तशी हळूहळू फिरवावी आणि नित्याचे व्यवहार सुरू करावेत. बहुतेकांना काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत आराम पडतो. काहींचे दुखणे मात्र रेंगाळते. त्यांना व्यायामोपचार आणि धीर या दोहोंची गरज असते. न्हाव्याकडून मान मोडून घेणे मात्र सर्वथा टाळावे.

हातापायांत मुंग्या वा अशक्तपणा, लघवीवरील ताबा सुटणे, मानेच्या मध्यभागी हाडावर तीव्र वेदना, यांपैकी काहीही आढळल्यास, तसेच रुग्ण वृद्ध असल्यास, मान न हलवता त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

शेवटी एक विनंती. मोटारीतील डोक्यामागची उशी शोभेसाठी नसते. ती माथ्याइतकी उंच आणि डोक्याच्या शक्य तितकी जवळ ठेवा. औषधापेक्षा ही सावधगिरी कितीतरी स्वस्त आहे.